कार्ड नंतर, आधी रॅमची दुसरी स्टिक

प्रश्न : मी गणित शिकवते. स्क्रीनवर पेनाने लिहीत धडे रेकॉर्ड करते, मग काटछाट करून विद्यार्थ्यांना पाठवते. एक धडा साधारण पाऊण तासाचा, फुल एचडी. दोन मॉनिटर लावलेत. हल्ली काँप्युटर फार रखडतो. एडिटिंग चालू असताना ब्राउझर उघडला की माउससुद्धा अडखळतो, आणि व्हिडिओ एक्सपोर्ट व्हायला धड्याच्या लांबीपेक्षा जास्त वेळ लागतो. काँप्युटर बघायला आलेले गृहस्थ म्हणाले, ‘ऑनबोर्ड ग्राफिक्स आहे, त्यात काही दम नसतो, वेगळं ग्राफिक कार्ड टाका.’ कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलाला हे फारच पटलंय. तो रोज एका नव्या कार्डाचं नाव सुचवतो. भाच्याने त्याचं जुनं जीटी ७१० फुकट देऊ केलंय. ते बसवू, की चांगलं कार्ड विकत घेऊ? प्रोसेसर रायझन ५ ५६००जी आहे. ता. क. रॅम ८ जीबी आहे, एकच स्टिक. पॉवर सप्लायवर ४५० वॉट लिहिलंय.

उत्तर :

ताई, तुमच्या काँप्युटरचं दुखणं तुम्हीच ताज्या कलमात लिहून टाकलंय. ८ जीबी, एकच स्टिक. बाकीचं पत्र नसतं तरी तेवढ्यावरून निदान झालं असतं.

भाच्याचं कार्ड बसवू नका. नवं कार्डही इतक्यात घेऊ नका. आणखी एक ८ जीबीची स्टिक घाला, दोन-तीन सेटिंग बदला आणि आठवडाभर नेहमीचं काम करून बघा. तुमच्या धड्यांसाठी मला याहून जास्त काही लागेल असं वाटत नाही. मुलाच्या खेळांचा हिशेब वेगळा आहे. तो वेगळाच मांडायचा, तुमच्या शिकवण्याच्या खात्यात टाकायचा नाही.

आलेले गृहस्थ खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. त्यांचं मत जुनं आहे इतकंच. १९९९ मध्ये इंटेलचा ८१० हा चिपसेट आला तेव्हापासून पुढची दहाएक वर्षं स्वस्त काँप्युटरचं ग्राफिक्स मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असायचं, आणि ते खरंच दुबळं होतं. पत्रं टाइप करा, पत्ते खेळा, त्यापुढे गेलात की हात टेकायचं. २०११ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिज प्रोसेसरांत ग्राफिक्स प्रोसेसरच्याच चिपवर आलं, त्याच वर्षी एएमडीनेही तेच केलं, आणि तिथून चित्र बदलत गेलं. तुमचा ५६००जी एएमडीचाच, २०२१ चा. नावातला तो ‘जी’ मिरवण्यासाठी नाही. या प्रोसेसरात व्हेगा जातीचं बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे, व्हिडिओ उलगडायला आणि आवळायला वेगळी यंत्रणा आहे. मदरबोर्डच्या पोर्टमधून चित्र बाहेर पडतं म्हणून त्याला अजून ऑनबोर्ड म्हणतात. म्हणोत बापडे.

मग वेगळ्या कार्डात असं काय असतं जे यात नसतं? चिप मोठी असते, हे तर आहेच. पण खरा फरक मेमरीचा. कार्डावर स्वतःची मेमरी असते, ग्राफिक्ससाठीच बनवलेली आणि फार वेगवान. आतल्या ग्राफिक्सला स्वतःचं काही नसतं. ते तुमच्या रॅममधूनच मेमरी घेतं आणि प्रोसेसरबरोबर वाटून वापरतं. डीडीआर४ पिढीची, ३२०० वेगाची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती देऊ शकते. दोन स्टिक योग्य जागी लावल्या की दोन वाटा एकदम उघडतात आणि आकडा ५१.२ वर जातो. शेजारी ठेवून बघायचं तर आरएक्स ६६०० या मधल्या प्रतीच्या कार्डाच्या मेमरीचा वेग २२४ आहे आणि आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबीवाल्या कार्डाचा ३६०.

आता तुमची स्थिती पाहा. एकाच नळावर दोन बिऱ्हाडं पाणी भरताहेत, आणि दुसरा नळ बसवायची जागा असून तो बसवलेलाच नाही. प्रोसेसरला पाणी पुरत नाही आणि ग्राफिक्सलाही. अशा वेळी ‘ग्राफिक्सात दम नाही’ असं म्हणणं त्या बिचाऱ्यावर अन्याय आहे. एका स्टिकवर ५६००जी चालवणाऱ्याने त्याचं ग्राफिक्स अजून पाहिलेलंच नाही, असं मी तर म्हणेन.

आणि वेग ही अर्धीच गोष्ट. ८ जीबीतला काही भाग, बहुतेकदा ५१२ एमबी ते २ जीबी, बायोस (काँप्युटर सुरू होताना सगळ्यांत आधी चालणारं, बोर्डावरचं सॉफ्टवेअर) सुरुवातीलाच ग्राफिक्ससाठी बाजूला काढून ठेवतं. उरलेल्या सहा-सात जीबीत विंडोज, एडिटिंगचं सॉफ्टवेअर, ब्राउझरचे पंधरा टॅब आणि दुसऱ्या मॉनिटरवर उघडून ठेवलेली पीडीएफ. जागा संपली की विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. माउस अडखळतो तो याच ये-जा करण्यात. यात ग्राफिक कार्ड काय करणार? ते आलं तर बायोसने बाजूला काढलेला भाग परत मिळेल, पण सहा जीबीचे आठ जीबी झाल्याने तुमचा त्रास मिटायचा नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. धडा एडिट करताना, काँप्युटर रखडायला लागला की त्याच वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्कचा आलेख सारखा उसळतोय, तर दोष रॅमचा. जीपीयूचा आलेख सतत शंभराला टेकलाय आणि मेमरी मात्र निवांत आहे, तर दोष ग्राफिक्सचा, आणि मग मला परत लिहा, मी माझा सल्ला बदलेन. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, शंभरावर असेल तर ते एक्सपोर्टच्या वेळी दिसेल. त्याबद्दल पुढे लिहितो. त्याच मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत आणि रॅम कोणत्या वेगाने चालली आहे तेही लिहिलेलं असतं. तो वेगाचा आकडा कागदावर टिपून ठेवा.

स्टिक घेताना डेस्कटॉपची डीडीआर४ घ्यायची. लॅपटॉपची आखूड असते, ती बसत नाही, आणि डीडीआर५ तुमच्या बोर्डात जाणारच नाही. सध्याच्या स्टिकवर चिकटवलेल्या लेबलावरचा आकडा आणि शक्यतो तीच कंपनी मिळाली तर उत्तम. वेगळी कंपनी बहुधा चालते, दोन्ही स्टिक मग त्यातल्या हळू स्टिकच्या वेगाने धावतात. १६ जीबीची घेतली तर एकूण २४ होतील, चालेलही, पण जोडीचा पूर्ण फायदा सगळ्या मेमरीला मिळणार नाही. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा, ही नेहमीची जोडी. एकदा बोर्डाच्या पुस्तिकेत खात्री करून घ्या. शेजारशेजारच्या दोन स्लॉटांत घालून टाकली की मेमरी वाढलेली दिसते, वाट मात्र एकच राहते. हे करणारे पुष्कळ भेटतात.

आता तो टिपलेला आकडा काढा. स्टिकवर ३२०० लिहिलंय आणि टास्क मॅनेजर २४०० किंवा २६६६ दाखवतोय, तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी नावाचं सेटिंग चालू करायचं राहिलंय. बायोसमध्ये शिरायची भीती वाटत असेल तर मुलाला बसवा. रोज कार्डांची नावं सांगणाऱ्याने एवढं काम करायला हरकत नाही. तिथेच ग्राफिक्ससाठी राखून ठेवायच्या मेमरीचं सेटिंग सापडेल, बऱ्याच बोर्डांवर यूएमए या नावाने. त्याला हात नाही लावला तरी चालतं, कारण लागेल तशी जास्तीची रॅम विंडोज ग्राफिक्सला उसनी देतच असतं.

एक्सपोर्टकडे वळू. पाऊण तासाच्या फुल एचडी धड्याला पाऊण तासापेक्षा जास्त लागतोय, याचा अर्थ व्हिडिओ आवळण्याचं सगळं काम बहुधा प्रोसेसरचे कोअर करताहेत, आणि तेही रॅमअभावी धापा टाकत. तुमच्या सॉफ्टवेअरच्या एक्सपोर्ट खिडकीत एन्कोडर किंवा हार्डवेअर एन्कोडिंग अशी निवड असते. तिथे एएमडी किंवा एएमएफ असं नाव दिसलं की ते निवडा. तुमच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ आवळण्याच्या दोन्ही पद्धतींत स्वतः व्हिडिओ बनवू शकतं. ही निवड दिसतच नसेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (विंडोजला ते ग्राफिक्स चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) एएमडीच्या साइटवरून घेऊन नव्याने टाका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं नाव दिसत असेल तर ड्रायव्हर नाहीच, नुसतं चित्र दिसण्यापुरती सोय आहे, आणि मग रखडण्याचं आणखी एक कारण हाती लागलं.

एक गोष्ट सांगून ठेवतो. एएमडीच्या या पिढीच्या एन्कोडरचं एच.२६४ फार नावाजलेलं नाही. कमी बिटरेटला (व्हिडिओच्या दर सेकंदाला कमी माहिती खर्च केली तर) अक्षरांच्या कडा जरा मळकट येतात, आणि तुमच्या धड्यात तर सगळा खेळ अक्षरांचा आणि चिन्हांचा. वर्गमूळाच्या खालचा घातांक पुसट दिसला तर विद्यार्थी तुम्हालाच विचारणार. म्हणून बिटरेट थोडा चढा ठेवा किंवा एच.२६५ वापरून बघा. पाच मिनिटांचा तुकडा दोन्ही तऱ्हांनी काढून फोनवर पाहा, कारण विद्यार्थी तिथेच पाहणार आहेत.

भाच्याच्या जीटी ७१० बद्दल. देणाऱ्याचं मन मोठं आहे, कार्ड मात्र लहान आहे. ते बाजारात २०१६ मध्ये आलं, पण आतली चिप केप्लर पिढीची, म्हणजे २०१२ च्या घरातली. त्याच्या डीडीआर३ मेमरीचा वेग सेकंदाला १४.४ जीबी. वरचा तुमच्या एका स्टिकचा आकडा आठवा, तो याहून मोठा आहे! एच.२६५ किंवा यूट्यूबवर चालणारा व्हीपी९ हे प्रकार त्याला स्वतःला उलगडता येत नाहीत, तुमच्या आतल्या ग्राफिक्सला येतात. ते बनवणाऱ्या एनव्हिडियाने केप्लरसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर देणं २०२१ मध्येच थांबवलं. आणि सगळ्यात गमतीचा भाग : वेगळं कार्ड बसवलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. म्हणजे तुम्ही चांगलं बंद करून वाईट चालू कराल, तेही स्क्रू पिळून. ज्या प्रोसेसरात ग्राफिक्सच नाही त्याला स्क्रीनवर चित्र आणून द्यायला हे कार्ड ठीक आहे.

दोन मॉनिटरांसाठीही कार्ड लागत नाही. बोर्डाच्या मागे एचडीएमआय आणि त्याच्या जोडीला डिस्प्लेपोर्ट किंवा दुसरं काही असतंच, आणि तुम्ही दोन चालवताच आहात. उद्या फोरके मॉनिटर घेतलात तर मात्र पोर्ट बघून घ्या. एचडीएमआय १.४ असेल तर फोरकेला सेकंदाला ३० चित्रांवर अडतं आणि माउस ओढल्यासारखा चालतो. २.० असेल तर ६० मिळतात.

मग वेगळं कार्ड खरंच कुणाला लागतं? नवे, भारी खेळ खेळणाऱ्याला. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय दृश्यं रेंडर करणाऱ्याला. तिथे मधल्या प्रतीचं कार्डसुद्धा प्रोसेसरला कुठल्या कुठे मागे टाकतं. डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फोरकेचे थर रचून त्यावर रंगकाम आणि नॉइज रिडक्शन करणाऱ्याला. स्वतःच्या काँप्युटरवर एआय मॉडेल चालवू बघणाऱ्याला, आणि त्याला तर कार्डाच्या वेगाआधी त्यावरची मेमरी किती हे पाहावं लागतं. ज्यांचं सॉफ्टवेअर कुडावर, म्हणजे कार्डाकडून हिशेब करून घेण्याच्या एनव्हिडियाच्या स्वतःच्या व्यवस्थेवर, उभं आहे त्यांना एनव्हिडियाचंच कार्ड लागतं, तिथे वाद नाही. तुमचा धडा यांतल्या कशातच बसत नाही. स्थिर पार्श्वभूमी, एक पेन, एक आवाज, मध्येमध्ये कापाकापी. उद्या तुम्ही कॅमेऱ्याचं फोरके चित्रण आणि हलत्या आकृत्या घालायला लागलात तर गोष्ट बदलेल.

राहता राहिले चिरंजीव. त्याला खेळायचंय, आणि खेळासाठी कार्ड मागणं हे अगदी सरळ कारण आहे. ते त्याने तसंच मागावं, आईच्या गणिताच्या आडून नको. दुसरी स्टिक आली की त्याने आधी आहे त्यावर खेळून बघावं. वॅलोरंट किंवा माइनक्राफ्टसारखे हलके खेळ ५६००जीवर फुल एचडीत छान चालतात. दोन स्टिकांचा सगळ्यात ठळक फायदा त्यालाच दिसेल. मोठे नवे खेळ मात्र चालणार नाहीत, किंवा चालले तरी चित्र इतकं उतरवावं लागेल की मजा जाईल. २०२४ पासून असेही खेळ आलेत जे रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढत चित्र रंगवण्याचं, हार्डवेअर नसलं तर सुरूच होत नाहीत. तुमच्या व्हेगात ते नाही. त्याची यादी त्या खेळांची असेल तर कार्डाला पर्याय नाही, आणि तेव्हा कोणतं घ्यावं हे तुमच्या प्रोसेसरकडे बघून ठरवायला हवं.

५६००जी कार्डाशी पीसीआय एक्सप्रेस या कार्डाला जोडणाऱ्या वाटेच्या तिसऱ्या पिढीतच बोलतो, बोर्ड चौथ्या पिढीचा असला तरी. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही कार्डं किंमत बघून मोहात पाडतात, पण त्यांना या वाटेच्या फक्त चारच लेन आहेत. चौथ्या पिढीवर ते निभतं, तिसऱ्यावर तीच वाट निम्मी होते आणि कार्ड अडखळतं. वर त्यांच्यात व्हिडिओ बनवणारा एन्कोडरच नाही. म्हणजे तुमच्या एक्सपोर्टच्या कामाचीही नाहीत. ही दोन्ही यादीतून काढा. जीटी १०३० चंही तसंच : एकाच नावाखाली वेगवान मेमरीचं आणि डीडीआर४ चं अशी दोन कार्डं विकली गेली, दुसरं पहिल्यापेक्षा बरंच हळू, आणि दोन्हींपैकी कुठलंही तुमच्या आतल्या ग्राफिक्सच्या फारसं पुढे जात नाही. खोक्यावर ‘४ जीबी’ ठळक छापलेलं बघून भुलू नका. हळू चिपला मोठी मेमरी जोडली म्हणून ती पळत नाही.

उलट टोकाचं, सर्वांत भारी कार्डही नको. ५६००जीत एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, १६ एमबी आहे, त्याच्या ‘जी’ नसलेल्या भावंडात ३२. भारी कार्डाला खेळात हा प्रोसेसर खाऊ घालू शकत नाही. मधलं काहीतरी, आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ३०६०, ४०६० च्या पातळीचं, ८ जीबी किंवा जास्त मेमरीचं, या काँप्युटरला शोभेल. तुम्हाला एक्सपोर्टलाही त्याचा उपयोग हवा असेल तर माझा कौल एनव्हिडियाला. त्यांचा एच.२६४ एन्कोडर उजवा आहे.

पॉवर सप्लायबद्दल जरा काळजी वाटते. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉटच मिळतात, त्यावर लागली तर सप्लायमधून वेगळी केबल जोडावी लागते : ६ पिनी केबल ७५ वॉट देते, ८ पिनी १५०. आरएक्स ६६०० ची भूक १३२ वॉटची, ३०६० ची १७०. तुमच्या ४५० वॉटच्या सप्लायला ८ पिनी केबल आहे का ते बघा. नसली तर डिस्कच्या केबलीला कन्व्हर्टर लावून काम भागवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. त्या तारा एवढ्या प्रवाहासाठी बनवलेल्या नसतात, त्या तापतात. ३०६० साठी एनव्हिडिया ५५० वॉटचा सप्लाय सुचवते. नाव नसलेल्या कंपनीच्या सप्लायवर छापलेल्या वॉटांवर मी फारसा भरवसा ठेवत नाही, तेव्हा कार्डाच्या खर्चात चांगल्या सप्लायचाही खर्च धरूनच विचार करा. कॅबिनेटमध्ये किती लांबीचं कार्ड मावतं तेही फूटपट्टीने मोजून घ्या. पुढच्या पंख्याला टेकणारं कार्ड परत करायला जाणं ही नामुष्कीच.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एवढंच : तुमच्या इंटेल प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असेल, किंवा रायझन ५००० मालिकेतला असून जी नसेल, तर आत ग्राफिक्स नाही आणि वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. कार्ड लागणारच, आणि ते बिघडलं तर दुसरं येईपर्यंत स्क्रीन काळी. ताईंना ती चिंता नाही. कार्ड काढून केबल बोर्डाला लावली की त्यांचं काम पुन्हा चालू.

कधी कार्ड आलंच तर दोन्ही मॉनिटरांच्या केबली बोर्डावरून काढून कार्डाच्या पोर्टांत लावा. न लावल्यास स्क्रीन काळी राहील, किंवा त्याहून वाईट म्हणजे आतलंच ग्राफिक्स चालू राहील आणि चिरंजीव म्हणतील की कार्डाने काही फरक पडला नाही. वापरलेलं कार्ड मिळत असेल तर चालू काँप्युटरमध्ये लावून, त्यावर अर्धा-पाऊण तास खेळ चालवून, पंख्याचा आवाज ऐकून आणि प्रत्येक पोर्टला मॉनिटर जोडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.